ग्रंथपाल आणि उतारा

अफूजन्य द्रव्याची अतिमात्रा झाली म्हणजे श्वासोच्छ्वास मंदावतो आणि काही मिनिटांतच प्राणावर बेतते. नालोक्झोन हे औषध त्या द्रव्यास मेंदूतील ग्राहकांवरून दूर सारते व श्वास पूर्ववत् होऊ लागतो. मराठीत अशा औषधास ‘उतारा’ म्हणतात. ग्रंथातील वेच्यासही तोच शब्द आहे.

फिलाडेल्फियाच्या मॅकफर्सन चौकातील ग्रंथालयसेवकांना २०१७ मध्ये हा उतारा प्रत्यक्ष द्यावा लागला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) किंवा ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) येथील सेवकावर तसा प्रसंग आला, तर कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४अ मदतकर्त्यास अभय देते खरे, पण केवळ रस्त्यावरील अपघातापुरते. वाचनकक्षात भारतीय न्याय संहितेचे कलम ३० उपयोगी पडेल. संमती देण्यास असमर्थ असलेल्याच्या हितार्थ सद्भावनेने केलेले कृत्य त्याअन्वये गुन्हा ठरत नाही.

तेव्हा अडचण ‘देण्या’ची नसून ‘ठेवण्या’ची आहे. हे औषध वैद्याच्या चिठ्ठीवर रुग्णास मिळते. ग्रंथालय हा रुग्ण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, अतिमात्रेचा प्रसंग ज्यांच्यासमोर घडण्याचा संभव आहे अशांच्या हाती ते असावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे ‘परवानगी’ या शब्दात साठा आणि शिक्षण या दोहोंचा अंतर्भाव करावा लागेल. अफूजन्य द्रव्य न घेतलेल्यास या औषधाने सहसा अपाय होत नाही. परंतु त्याचा प्रभाव तीस ते नव्वद मिनिटेच टिकतो व श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून १०८ ला दूरध्वनी प्रथम करावयाचा.