न बोलणाऱ्या बालकांचे भाषाशिक्षण आणि चित्रतक्त्याचा उपयोग

बालक शाळेत येते ते आपली भाषा बरोबर घेऊनच येते, असे आपण गृहीत धरून चालतो. बडबडगीते, गोष्टी, वाचनपाठ ही सर्व याच गृहीतावर उभी असतात. परंतु तीन ते सहा वर्षांचे एखादे बालक असेही असते, की ज्यास बोल फुटलेला नाही, अथवा ज्याचे बोलणे दोनचार शब्दांपलीकडे गेलेले नाही. असे बालक अंगणवाडीच्या भिंतीला टेकून गप्प बसते व कोणास त्रास देत नाही, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांतही येत नाही. किंवा ते ओरडते, चावते, ढकलते आणि ‘हट्टी’ ठरते. पोट दुखत असले तरी ते सांगू शकत नाही. कोणी मारले तर कोणाचे नावही घेऊ शकत नाही. अशा बालकास बोल फुटेपर्यंत वाट न पाहता आजच भाषा कशी देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हे काम अंगणवाडीचे आहे, प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वयोमर्यादा एकच पायाभूत स्तर म्हणून मानली आहे. शिवाय अनेक गावांत अंगणवाडी आणि शाळा यांचे आवार एकच असते. तेथे जी तीन वर्षे वाया जातात, त्यांचा भार पुढे पहिलीच्या शिक्षकावरच पडतो. म्हणून शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी हे काम जोडीने करावे, हेच इष्ट.

बोलणे आणि भाषा

बोलणे म्हणजेच भाषा, असा आपला समज असतो. वस्तुतः बोलणे हा भाषेचा एक मार्ग होय. जे बालक आईचा पदर धरून तिला पाण्याच्या कळशीकडे ओढीत नेते, ते ‘मला पाणी दे’ हेच सांगत असते. त्याच्यापाशी सांगण्याजोगे आहे आणि सांगण्याची इच्छाही आहे. साधन तेवढे नाही.

याचे एक ठळक उदाहरण मुंबईचे आहे. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताने अपंग झालेल्या मुलांसाठी शिक्षणसंस्था काढली. त्यांची कन्या मालिनी चिब यांस याच विकारामुळे स्पष्ट बोलता येत नाही. त्या एका बोटाने यंत्रावर अक्षरे उमटवून संवाद साधतात. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून पदवी मिळवून त्यांनी पुढे लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले, आणि २०१० साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. केवळ वाचेवरून त्यांच्या बुद्धीचे माप कोणी काढले असते, तर ते किती चुकले असते, हे सांगावयास नको.

प्रथम तपासणी

तक्ता हाती घेण्यापूर्वी बालकाची श्रवणशक्ती तपासून घेणे अत्यावश्यक आहे. ज्यास ऐकू येत नाही त्यास बोल फुटत नाही, आणि त्याची व्यवस्था श्रवणयंत्र, खुणांची भाषा इत्यादी वेगळ्या उपायांनी करावी लागते. पाठीमागून टाळी वाजवून केलेली परीक्षा विश्वसनीय नव्हे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. त्या दिवशी हे बालक घरी राहणार नाही याची दक्षता घ्यावी, आणि पथकास आपण होऊन सांगावे, की या बालकाचे बोलणे वयाच्या मानाने मागे आहे. दोन वर्षे पूर्ण होऊनही बालक दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर तपासणीस उशीर करू नये.

‘बापही उशिराच बोलला होता’ असे घरची मंडळी म्हणतात. देवाला गाऱ्हाणे घालतात, नवस बोलतात. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे आपणास कारण नाही. गाऱ्हाणे घालावे आणि तपासणीही करावी, एवढेच त्यांस नम्रपणे सांगावे. तपासणीची वाट पाहत तक्त्याचे काम मात्र अडवून ठेवू नये. दोन्ही बरोबरच चालावीत.

तक्ता कसा तयार करावा

वहीच्या दुप्पट आकाराचा जाड पुठ्ठा, आठ चित्रे व डिंक एवढ्या साहित्यावर आरंभ करता येतो. चित्रे हाताने काढावीत किंवा बालकाच्या ओळखीच्या वस्तूंची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घेऊन छापून घ्यावीत. प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरांत शब्द लिहावा. आपल्याकडील पावसाळ्यात कागदास बुरशी येते, म्हणून तक्त्यास प्लास्टिकचे आवरण घालावे व तो सुतळीने बालकाच्या हाताला येईल अशा उंचीवर टांगावा. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंतून बालशिक्षणाची साधने तयार केली. साधन महाग असले म्हणजेच ते शास्त्रीय असते असे नाही, हा धडा त्यांनी आपणास घालून दिला आहे.

ज्या बालकास चित्राचा अर्थ अद्याप उमगत नाही, त्याच्याशी प्रत्यक्ष वस्तूंनी आरंभ करावा. जेवणासाठी वाटी, बाहेर जाण्यासाठी चप्पल, खेळासाठी चेंडू, याप्रमाणे. त्यानंतर छायाचित्र, मग रेखाचित्र व शेवटी शब्द, असा क्रम असावा. ज्यास हात उचलता येत नाही त्याच्यासमोर दोन चित्रे एकमेकांपासून दूर धरावीत आणि त्याची दृष्टी कोठे स्थिरावते ते पाहावे.

एकदा ठरविलेली चित्रांची जागा बदलू नये. पेटी वाजविणाऱ्याचे बोट जसे न पाहता योग्य पट्टीवर जाते, तसा बालकाचा हातही सवयीने चित्राकडे जाऊ लागतो. नवी चित्रे घालावयाची असल्यास ती रिकाम्या जागेत घालावीत.

शब्दांची निवड

बहुतेक तक्त्यांत आंबा, गाय, घर, फूल अशी नामेच भरलेली असतात. केवळ नामांनी संवाद होत नाही. ‘आणखी’, ‘नको’, ‘दे’, ‘चल’, ‘संपले’, ‘मदत कर’, ‘दुखते’ हे शब्द दिवसातून अनेकदा, अनेक प्रसंगी लागतात. म्हणून त्यांस अग्रस्थान द्यावे. ‘आणखी’ साठी पुढे केलेली वाटी, ‘संपले’ साठी रिकामी थाळी, ‘दुखते’ साठी पोटावर हात धरून रडणारे मूल, अशी चित्रे काढता येतील.

मराठीत ‘नको’ आणि ‘नाही’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ही आपली मोठी सोय होय. ‘भात नको’ हा नकार आहे, तर ‘भात नाही’ ही माहिती आहे. इंग्रजी नमुन्यावरून केलेल्या तक्त्यात दोहोंसाठी एकच चित्र असते व त्यामुळे घोटाळा होतो. आपण ही दोन चित्रे वेगळी ठेवावीत आणि ‘नको’ प्रथम शिकवावे. चावणे व ढकलणे यांच्यामागे पुष्कळदा न सांगता आलेला ‘नको’ च असतो. तद्वतच क्रमाचा विचार करावा. आपण ‘मला पाणी दे’ असे म्हणतो. क्रियापद शेवटी येते. म्हणून व्यक्तींची चित्रे डावीकडे, वस्तूंची मध्ये आणि क्रियांची उजवीकडे ठेवल्यास बोट आपोआप मराठी वाक्याच्या क्रमाने चालते.

चित्राखालचा शब्द व आपल्या तोंडचा शब्द बालकाच्या घरचा असावा. पुस्तकातील ‘खेकडा’ घरी ‘कुर्ली’ असेल, ‘नारळाचे झाड’ तेथे ‘माड’ असेल, ‘ओढा’ हा ‘वहाळ’ असेल. संगमेश्वरी बोलणाऱ्या, कोळीवाड्यातील व कोकणी मुसलमानांच्या घरांतील शब्द निरनिराळे असतात. आईबापांस विचारूनच शब्द लिहावेत. ज्या बालकास एकही शब्द जड जातो, त्याच्यावर दोन बोलींचा भार टाकणे योग्य नव्हे.

तक्त्याचा उपयोग

तक्ता भिंतीवर लावल्याने बालक बोलू लागत नाही. मूल ऐकून ऐकून बोलावयास शिकते. त्याचप्रमाणे इतरांस तक्ता वापरताना पाहून पाहून ते तक्ता वापरावयास शिकते. म्हणून प्रथम आपण स्वतः बोलता बोलता चित्रावर बोट ठेवावयाचे. हे या पद्धतीचे मर्म आहे.

समजा, चार वर्षांची एक मुलगी वाटीतील खिचडी संपली की वाटी जमिनीवर आपटते. सेविकेने ‘आणखी’ या चित्रावर स्वतःचे बोट ठेवून म्हणावे, “आणखी? आणखी खिचडी हवी?” आणि लगेच खिचडी वाढावी. मुलीने बोट ठेवलेच पाहिजे असा आग्रह धरू नये. असे कित्येक दिवस, कदाचित कित्येक आठवडे करावे लागेल. प्रत्येक वेळी चित्र दाखविल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे, कारण या बालकांस उत्तर जुळविण्यास वेळ लागतो व आपण घाईने तो हिरावून घेतो. एखाद्या दिवशी तिचा हात चित्राकडे जाईल. त्याच क्षणी वाढावे, तोंडाने ‘आणखी!’ म्हणावे, आणि पुढच्या वेळी ‘आणखी खिचडी’ अशी दोन चित्रे दाखवावीत. मग तोच शब्द झोपाळ्यावर, गाण्यात, चेंडूच्या खेळात न्यावा. जेवणात शिकलेला ‘आणखी’ जेव्हा ती झोपाळ्यावर आपण होऊन वापरते, तेव्हा तिला खरोखर एक शब्द मिळाला असे समजावे.

काही बालके बोट ठेवण्याऐवजी सुटे चित्र उचलून मोठ्या माणसाच्या हातात देण्यास लवकर शिकतात. अमेरिकेत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली ही चित्रविनिमयाची पद्धती विकसित केली. तीत आरंभी दोन माणसे लागतात. एकाने वस्तू घेऊन समोर बसावे व दुसऱ्याने मागून न बोलता बालकाच्या हातास आधार द्यावा. सेविका व मदतनीस यांच्या जोडीस हे सहज जमण्यासारखे आहे.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. ‘गाय दाखव, घर दाखव’ अशी सतत परीक्षा घेऊ नये; परीक्षा म्हणजे संभाषण नव्हे. चित्र दाखविल्याशिवाय खाऊ मिळणार नाही, अशी अट घालून बालकास उपाशी ठेवू नये. आणि तक्ता फाटेल म्हणून तो कपाटात ठेवू नये. बोलक्या मुलाचे तोंड आपण कपाटात ठेवीत नाही. इतर मुलांनीही हजेरीच्या वा खेळाच्या वेळी हाच तक्ता वापरावा, म्हणजे तो त्या एका बालकाची खूण न राहता वर्गाचे साधन बनतो.

काही शंकांचे निरसन

चित्राची सवय लागली तर बालक बोलण्याचा आळस करील, ही शंका आईबाप हटकून काढतात. २००६ साली मिलर, लाइट व श्लोसर या संशोधकांनी तोपर्यंतच्या अभ्यासांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतील काटेकोरपणे अभ्यासलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे अशा साधनांमुळे कमी झाले नव्हते. उलट ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात वाढ झाली होती. ही वाढ बहुधा माफकच होती, हेही आईबापांस स्पष्ट सांगावे. प्रत्येक बालक बोलू लागेल असे वचन आपण देऊ नये. ते सांगू मात्र लागेल, अशी आशा धरण्यास भरपूर आधार आहे.

दुसरी शंका यंत्राविषयी असते. मुंबईच्या आय. आय. टी. ने तयार केलेले ‘जेलो’ नावाचे विनामूल्य ॲप मराठीतही आहे. त्यातील चित्रास स्पर्श केला असता शब्द ऐकू येतो. ज्यांच्याजवळ भ्रमणध्वनी आहे त्यांनी त्याचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि वीज गेली वा यंत्र बिघडले तरी बालकाची वाचा बंद पडू नये, म्हणून पुठ्ठ्याचा तक्ता जवळ असलाच पाहिजे.

हा दयेचा प्रश्न नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘संप्रेषण’ या शब्दाच्या व्याख्येतच बोलण्यास पूरक व पर्यायी अशा मार्गांचा समावेश केलेला आहे, आणि शाळांतून त्यांचा वापर वाढविण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेले आहे.

घर आणि नोंद

तक्त्याची दुसरी प्रत घरी द्यावी. आईस वेगळा वेळ काढावयास सांगू नये, कारण शेतीच्या हंगामात तो तिच्यापाशी नसतो. न्याहारी, आंघोळ व झोप या तीन वेळी तीन चित्रे दाखविली तरी पुरे. आजी व वडील भावंडे यांचे साहाय्य घ्यावे.

एका लहान वहीत दर आठवड्यास चार गोष्टी लिहाव्यात. बालकाने काय सांगितले, कशाने सांगितले, कोणास सांगितले आणि आपण होऊन सांगितले की दाखविल्यावर. पहिलीत प्रवेशाच्या वेळी ही वही व तक्ता दोन्ही नव्या शिक्षकाकडे सोपवावीत; अन्यथा बालकाने मिळविलेले शब्द अंगणवाडीच्या उंबरठ्यावरच राहतील.

शिक्षकबंधुभगिनींनी आपल्या गावात असे बालक आहे काय, याचा सेविकेसह शोध घ्यावा. असल्यास आठ चित्रांचा एक तक्ता तयार करून येत्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस तो बरोबर आणावा. कोणते शब्द निवडले व का निवडले, याची तेथे परस्परांत चर्चा व्हावी.