भांडगावच्या उत्तरेचा लोहमार्ग

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने यवत मागे टाकले, भुलेश्वराचा डोंगर एका अंगास राहिला आणि कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाचे मळे दिसू लागले, की दौंड तालुक्यातील भांडगाव येते. मूळचा हा मुलूख कोरडवाहू. भुसार पिकवणारी काळीभोर जमीन, पावसाची धास्ती आणि पुण्याच्या बाजारपेठेची ओढ यांवरच येथील संसार चालत आले. अलीकडे रस्त्यालगत कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि गावाचा चेहरा पालटला. गावात भव्य वाडा नाही, इतिहासप्रसिद्ध रणभूमी नाही. परंतु गावाच्या उत्तरेस, यवत आणि खुटबाव या लहानशा स्थानकांवरून, एक लोहमार्ग दौंडकडे जातो. पुण्यापासून दिकसळपर्यंतचा हा फाटा १८५८ सालीच वाहतुकीस खुला झाला, आणि दौंडहून मनमाडकडे वळणारी शाखा पुढे १८७८ साली त्यास येऊन मिळाली. भांडगावचा परिचय करून देताना मला या लोहमार्गापाशीच थांबावेसे वाटते, कारण एका रविवारी याच रुळांवरून देशातील अग्रगण्य माणसे कोणतेही आरोपपत्र नसताना, कोठे नेले जात आहे हे न कळता नेली गेली.

तो रविवार म्हणजे ९ ऑगस्ट १९४२. आदल्या रात्री मुंबईस गवालिया टँक मैदानावर काँग्रेसचा ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला आणि पहाट होण्यापूर्वीच पोलिसांनी पुढाऱ्यांची दारे ठोठावली. त्यांना घेऊन खास गाडी निघाली. चिंचवडला महात्मा गांधी, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांना उतरवून आगाखान राजवाड्याकडे नेण्यात आले. पुण्याच्या स्थानकावर जमलेल्या लोकांवर पोलीस लाठ्या चालवीत आहेत हे दिसताच जवाहरलाल नेहरू डब्यातून खाली उतरले, आणि त्यांच्या मागोमाग उतरलेले शंकरराव देव परत चढण्यास राजी होईनात, तेव्हा शिपायांनी त्यांना अक्षरशः उचलून गाडीत घातले, असे त्याच गाडीत असलेल्या मौलाना आझाद यांनी लिहून ठेवले आहे. तेथून गाडी याच मार्गाने, या शिवारांच्या कडेने दौंडला गेली आणि दौंडहून उत्तरेस वळून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोहोचली.

तेथील किल्ला निजामशाहीचा. चांदबिबीने मोगलांविरुद्ध लढवलेला, १८०३ साली वेलस्लीने घेतलेला, आणि पुढे परदेशी युद्धकैद्यांना कोंडण्याच्या कामी आलेला हा भुईकोट आता काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सभासदांचे बंदिस्थान झाला. वल्लभभाई पटेल, नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, असफ अली ही त्यांतील काही नावे. सरकारने स्थानबद्धांचे ठिकाण जाहीर केले नाही. प्रारंभीचे काही आठवडे आत वर्तमानपत्र येत नव्हते, बाहेर पत्र जात नव्हते. घरच्या माणसांना सर्वांत मोठी यातना कोणती, तर हीच. माणूस तुरुंगात आहे हे दुःख सोसता येते, त्यास डबा धाडता येतो, वकील देता येतो. परंतु तो कोठे आहे हेच ठाऊक नसले की कोणत्या कचेरीचा उंबरठा झिजवावा हेही उमगत नाही. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यास निवर्तल्या, तेव्हा मौलाना किल्ल्यातच होते. नेहरूंचा तो कारावास १०४१ दिवसांचा ठरला, आणि याच किल्ल्यात ‘भारताचा शोध’ लिहिला गेला. त्या ग्रंथाच्या वैभवापुढे हे १०४१ दिवस कोणत्याही न्यायाधीशाने फर्मावलेले नव्हते, ही गोष्ट आपण विसरतो, आणि ते मला खटकते.

या स्थानबद्धतेचा आधार भारत संरक्षण नियमावलीतील नियम २६ हा होता. मुंबईचे केशव तळपदे हे असेच एक स्थानबद्ध. त्यांचे प्रकरण दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेले, आणि एप्रिल १९४३ मध्ये सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या न्यायासनाने तो नियमच मूळ कायद्याच्या कक्षेबाहेरचा ठरवला. कायद्यास वाजवी संशय हवा होता, नियमास मात्र सरकारचे समाधान पुरेसे होते. न्यायालयाने इतक्या निर्भीडपणे बोलावे ही त्या काळची मोठीच गोष्ट. तथापि आठवडा उलटण्यापूर्वीच सरकारने वटहुकूम काढून मागील सर्व हुकूम वैध करून घेतले आणि कुलुपे होती तशीच राहिली.

परकी अंमल गेला म्हणून ही प्रवृत्ती गेली नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेला आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २२ नेच जागा दिली आणि १९५० सालच्या फेब्रुवारीतच तसा कायदा झाला. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारल्यानंतर ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली पकडलेल्यांनी येरवड्याच्या बराकी भरल्या, आणि स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला सांगण्याची आवश्यकताही कलम १६-अ घालून काढून टाकण्यात आली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने असा निर्णय दिला की आणीबाणीत अशा माणसास न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात आपल्याच पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते, हे लिहिताना क्लेश होतात. आणि २०१७ मध्ये त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी तो निर्णय चुकीचा ठरवून खोडून काढला, हे लिहिताना समाधानही वाटते. दरम्यान १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क तहकूब करण्यास मनाई केली होती.

परंतु नेहरू-पटेलांची नोंद इतिहास ठेवतो; एखाद्या शेतमजुरास रात्री गाडीत घालून नेले, तर त्याची नोंद ठाण्याच्या दप्तरात झाली तरच होते. म्हणूनच १९९६ साली पोलीस कोठडीसंबंधीच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले दंडक मला या सर्व इतिहासातील सर्वांत उपयुक्त भाग वाटतात. पकडणाऱ्याच्या अंगावर स्पष्ट नावपट्टी हवी. अटकेच्या वेळीच पंचनामा व्हावा, त्यावर एका साक्षीदाराची आणि पकडलेल्याची सही हवी, दिवस व वेळ हवी. कोठे ठेवले आहे ते आप्तास कळवले पाहिजे. आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा काळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन तर संविधानाचेच आहे. हे दंडक प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळक जागी लावावेत, असाही न्यायालयाचा आदेश आहे. भांडगावकरांना ठाणे यवतचे, फार दूर नाही. बाजारहाटाला जाता-येता तेथे डोकावून तो फलक वाचावा, आणि नसेल तर ठाणेदाराकडे लेखी अर्ज देऊन अर्जाची पोच घ्यावी.