लिनक्सची प्रत आणि तिच्यामागचा आधार

दिनांक 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या आपल्या अतिशय प्रचलित कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य संपुष्टात आणले, आणि ज्या शाळांतून, दुकानांतून व घरांतून काही वर्षांपूर्वी घेतलेले, परंतु अद्याप धडधाकट असलेले संगणक वापरात आहेत, त्यांच्या चालकांपुढे एक खर्चाचा प्रश्न उभा राहिला. कारण पुढील आवृत्तीस सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांत या गोष्टी नसतात. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे कापसाच्या भावावर घरोघरचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, तिथे चांगला चालणारा संगणक केवळ मुदत संपली म्हणून मोडीत काढणे कोणालाच परवडणारे नाही. अशा वेळी लिनक्सचे नाव पुढे येते, आणि ते येताच दोन शंका ओघानेच निघतात: हे मिळते कोठून, आणि अडल्यास विचारायचे कोणाला? पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. दुसरीचे उत्तर मात्र आपले आपण घडवावे लागते, आणि माझ्या मते लिनक्सचे खरे मर्म त्यातच आहे.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टोरव्हाल्ड्स, याने 1991 साली संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांना खुला केला. त्याच्याही आधी, 1983 साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती, आणि ज्या परवान्याने हा गाभा पुढे लोकांच्या हाती सुरक्षित राहिला, तो परवानाही त्यांच्याच प्रयत्नांचे फलित होय. हा परवाना वापरणाऱ्यास चार मुभा देतो: कार्यक्रम हव्या त्या कामी चालवावा, त्याची रचना अभ्यासावी, त्याच्या नकला वाटाव्यात, आणि त्यात फेरफार करून सुधारलेली प्रतही इतरांस द्यावी. देशी वाणाचे बियाणे जसे राखून ठेवता येते आणि शेजाऱ्यालाही देता येते, तसेच हे आहे. परंतु नुसत्या गाभ्याने संगणकाचे काम भागत नाही. त्याच्या जोडीला पत्रलेखनाची, हिशेबाची, चित्रे पाहण्याची व महाजालावर जाण्याची साधने लागतात. ही सारी एकत्र बांधून, त्यांचा परस्परांशी मेळ घालून जो सिद्ध संच दिला जातो, त्यास लिनक्सचे वितरण किंवा बोलीत डिस्ट्रो म्हणतात. 1993 साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन, 2004 साली त्याच्या आधारावर निघालेले उबुंटू, आणि 2006 सालापासूनचे लिनक्स मिंट ही त्यांतील सुपरिचित नावे होत. आपल्या सरकारच्या सी-डॅक या संस्थेने 2007 साली डेबियनवरच आधारलेले बॉस नावाचे वितरण काढले, आणि भारतीय भाषांतून काम करण्याची सोय हा त्याचा मुख्य हेतू ठेवला.

एके काळी ही प्रत मिळवणे हेच मोठे कष्टाचे काम होते. टेलिफोनच्या तारेवरून तासन्‌तास थांबूनही एवढा मोठा संच उतरवून घेणे तालुक्याच्या गावी अशक्यप्राय असे, आणि म्हणून पीसीक्वेस्ट किंवा लिनक्स फॉर यू यांसारख्या इंग्रजी मासिकांबरोबर येणारी सीडी हाच पुष्कळांचा पहिला परिचय ठरला. पुढे उबुंटूच्या मागील कॅनॉनिकल कंपनीने कोणी मागितल्यास जगाच्या पाठीवर कोठेही टपालाने विनामूल्य सीडी पाठवण्याची तजवीज केली, ती 2011 सालापर्यंत चालू होती.

आज प्रत संबंधित वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी, अन्य कोठूनही घेऊ नये, हा पहिला नियम. उबुंटूची पूर्ण प्रत पाच-सहा जीबी भरते, म्हणजे मोबाइलच्या रोजच्या डेटात ती एका दिवसात बसेलच असे नाही. शिवाय वीज मध्येच जाण्याचा प्रसंग आपल्याकडे दुर्मिळ नाही. अशा परिस्थितीत टॉरंट या पद्धतीने प्रत उतरवणे हितावह, कारण खंड पडला तरी काम जिथे थांबले तिथूनच पुढे चालते. प्रत हाती आल्यावर तिची खातरजमा करावी: बहुतेक वितरणे आपल्या प्रतीसोबत चौसष्ट अक्षर-अंकांची एक खूण प्रसिद्ध करतात, आणि आपल्या प्रतीवरून काढलेली खूण तिच्याशी तंतोतंत जुळली, म्हणजे वाटेत बिघाड झालेला नाही असे समजावे. मग ती प्रत योग्य साधनाने पेनड्राइव्हवर लिहावी आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. हार्ड डिस्कला स्पर्शही न करता लिनक्स चालवून पाहण्याची ही सोय अत्यंत मोलाची आहे. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकलेखन हे सर्व तिथेच तपासून घ्यावे, आणि समाधान झाल्यावरच, आपल्या कागदपत्रांची दुसरी नक्कल अन्यत्र सुरक्षित ठेवून, कायमची स्थापना करावी. यंत्र अगदी जुने व स्मृती तुटपुंजी असेल, तर एक्सएफसीई या हलक्या मांडणीचे मिंट किंवा झुबुंटू घेणे शहाणपणाचे.

कोणती आवृत्ती घ्यावी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण आधाराचा विचार येथूनच सुरू होतो. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये निघते, आणि तिला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. 24.04 हा क्रमांक 2024 सालचा एप्रिल सांगतो, आणि तिची नियमित मुदत 2029 साली संपते. व्यक्तिगत वापरासाठी पाच संगणकांपर्यंत ही मुदत विनामूल्य वाढवूनही मिळते. मधल्या आवृत्त्यांना मात्र नऊच महिन्यांचे आयुष्य असते. ज्याला काम करायचे आहे, प्रयोग करायचे नाहीत, त्याने दीर्घ मुदतीचीच आवृत्ती घ्यावी.

काही अडचणी आधीच जाणून घेतलेल्या बऱ्या. युनिकोडमधील मराठी लिनक्सवर उत्तम चालते आणि इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात अंगभूतच असतो. परंतु जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसेल तर अगम्य चिन्हांच्या रूपात दिसतो, म्हणून असे दप्तर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावे. हिशेबाची टॅलीसारखी काही साधने विंडोजसाठीच बनलेली आहेत. ज्या दुकानदाराचा सारा कारभार अशा एखाद्या साधनावर चालतो, त्याला लिनक्सचा आग्रह करणे उचित नव्हे.

आता मुख्य प्रश्न, साहाय्याचा. मोठ्या आस्थापनांसाठी रेड हॅट व कॅनॉनिकल यांसारख्या कंपन्या मोबदला घेऊन रीतसर सेवा देतात. सामान्य माणसाला मात्र लिखित मार्गदर्शन आणि जाणती माणसे या दोहोंवरच भिस्त ठेवावी लागते. लिखित मार्गदर्शन विपुल आहे, पण बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि पांढरकवड्याच्या किंवा झरी जामणीच्या विद्यार्थ्यापुढची खरी भिंत हीच. ती ओलांडण्याचा एक स्तुत्य प्रयत्न आपल्याच राज्यात झाला आहे. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस व इतर मुक्त साधनांवर सुमारे दहा-दहा मिनिटांचे चलत्‌पाठ तयार केले, आणि त्यांतील निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. पाठातील कृती पाहत पाहत, शेजारीच आपल्या संगणकावर ती करून पाहायची, अशी त्याची पद्धत आहे. आणि हे पाठ एकदा उतरवून घेतले की महाजालाविनाही चालतात.

जाणत्या माणसांचे बळ कसे उभे करावे, याचे उदाहरण तर यवतमाळच्या न्यायालयाच्या आवारातच आहे. 2007 साली सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सचा स्वीकार केला, आणि खटल्यांच्या नोंदीची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील पथकाने मुक्त साधनांवरच उभारली. यवतमाळचे जिल्हा व सत्र न्यायालय आणि पुसद, दारव्हा, केळापूर येथील न्यायालये याच व्यवस्थेचे घटक होत. परंतु विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ई-समितीने न्यायिक अधिकाऱ्यांमधूनच काहींना मास्टर ट्रेनर म्हणून तयार केले, आणि शिकलेल्यांनी आपल्या सहकाऱ्यांस शिकवावे अशी परंपरा घातली. ज्यांचा व्यवसाय संगणकाचा नाही, त्यांच्यातूनही साहाय्य करणारी माणसे घडू शकतात, हे यावरून सिद्ध होते.

साहाय्य मागण्याचीही एक रीत आहे. संगणक कोणता, वितरण व आवृत्ती कोणती, काय करताना अडले, आणि पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः कोणता, हा तपशील दिला की जाणत्यास उत्तर देणे सुलभ होते. ‘चालत नाही’ एवढ्याच तक्रारीस कोणाकडेही उपाय नसतो. आणि अडचण सुटल्यावर ती कशी सुटली हे मराठीत लिहून ठेवणे, हे मिळालेल्या मदतीचे ऋण फेडण्याचे साधन होय.

यवतमाळात आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तालुक्या-तालुक्यांत संगणक शिकवणाऱ्या संस्था आहेत. त्यांपैकी एकेका संस्थेने महिन्यातून एक दिवस मुक्रर करून, खातरजमा केलेल्या प्रती पेनड्राइव्हवर भरून द्याव्यात, लोकांनी आणलेले जुने संगणक विद्यार्थ्यांच्या हातून सुरू करून द्यावेत, आणि प्रत्येक अडचणीची व तिच्या उपायाची मराठी नोंदवही ठेवावी. यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. परवान्याने ती आधीच दिलेली आहे. ज्या प्रतीच्या निर्मितीत जगभरच्या हजारो माणसांनी आपले श्रम विनामूल्य ओतले, ती नुसती फुकट वापरून थांबणे आपल्याला शोभणारे नाही. आपल्या भाषेत, आपल्या जिल्ह्यात दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याइतके तिचे ज्ञान मिळवणे, हीच तिची यथोचित किंमत आहे.