परक्या यकृतावर चाल करणाऱ्या पेशी

वाशीम जिल्ह्यातल्या रुग्णाला यकृत बदलायचं तर नागपूर, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. नागपुरात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली 2018 मध्ये, न्यू इरा रुग्णालयात. खर्च, दाता, प्रतीक्षा यादी यांची चर्चा भरपूर होते. रुग्ण रिसोडला किंवा कारंज्याला घरी परतल्यावर त्याच्या रक्तात काय घडतं, त्याची फारशी होत नाही.

‘शरीराने लिव्हर घेतलंच नाही,’ असं लोक म्हणतात. ते न घेणाऱ्या असतात टी पेशी, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. प्रत्येकाच्या पेशींवर एचएलए नावाच्या प्रथिनांची खूण असते. नव्या यकृतासोबत दात्याच्या काही डेंड्रिटिक पेशीही (टी पेशींना खुणा दाखवणाऱ्या पेशी) येतात आणि रुग्णाच्या प्लीहेत, लसिकाग्रंथींत जाऊन पोहोचतात. तिथे टी पेशींना परकी खूण दिसते. मदतनीस टी पेशी इंटरल्युकिन-2 हे रसायन सोडतात, त्यावर मारक टी पेशी झपाट्याने वाढतात आणि यकृतात शिरतात. त्यांचा रोख मुख्यतः पित्तनलिकांवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. परफोरिन या प्रथिनाने त्या समोरच्या पेशीला भोक पाडतात, ग्रॅन्झाइम हे मारक एन्झाइम आत सोडतात आणि ती पेशी मरते. बायोप्सीत याच खुणा शोधल्या जातात. हा नकार म्हणजेच रिजेक्शन. ते जुनाट झालं तर पित्तनलिका एकेक करून नाहीशा होतात.

पाहुणा म्हणून यकृत तसं मवाळच. इंग्लंडचे सर्जन रॉय काल्न यांनी 1969 मध्ये दाखवलं, की डुकरांमध्ये बसवलेली यकृतं औषधांशिवायही बऱ्याचदा टिकतात. किडनीसाठी एचएलए जुळवतात; यकृताला बहुधा रक्तगट आणि आकार जुळला तरी चालतं. यकृतातल्या कुफर नावाच्या भक्षक पेशी आणि नियंत्रक टी पेशी हल्ला शमवायला मदत करतात. माणसात मात्र एवढ्यावर भागत नाही.

म्हणून टॅक्रोलिमस हे औषध. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून ते 1984 मध्ये मिळालं आणि 1989 मध्ये पिट्सबर्गला सर्जन थॉमस स्टार्झल यांनी रुग्णांना दिलं. ते टी पेशीतल्या कॅल्सिन्युरिन या एन्झाइमचा मार्ग अडवतं. मग इंटरल्युकिन-2 पुरेसं तयारच होत नाही. डोस कमी पडला तर टी पेशी मोकळ्या, जास्त झाला तर किडनीला त्रास. रक्तातली ‘लेव्हल’ सारखी तपासतात ती यासाठी. टीबीवरचं रिफॅम्पिसिन ही लेव्हल पाडतं, तर बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल वाढवतं. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनाही प्रत्यारोपणाची फाइल दाखवायलाच हवी.

आणि गुळवेल. कडुनिंबावर चढलेला हा वेल ‘ताकद वाढवतो’ म्हणून कोरोनाकाळात घरोघरी उकळला गेला. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. प्रतिकारशक्तीच स्वतःच्या यकृतावर उलटल्यासारखं ते चित्र होतं. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. हे सहा जण प्रत्यारोपणाचे रुग्ण नव्हते. पण ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्याने ती वाढवण्याचा दावा करणारा काढा पिणं म्हणजे विनाकारण धोका पत्करणं.

रिजेक्शन बऱ्याचदा पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येतं, तेही गुपचूप. भूक चांगली, झोप चांगली, आणि लिव्हरच्या रक्ततपासणीत एन्झाइम वाढलेले. वेळेत कळलं तर शिरेतून स्टेरॉइड देऊन ते बहुतेकदा आटोक्यात येतं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका, आणि ठरलेली रक्ततपासणी चुकवू नका.