घळ-अवरोहण

घळ-अवरोहण : पाण्याने कोरलेल्या खोल व अरुंद घळीतून प्रवाहाच्या दिशेने चालत, पोहत, डोहात उड्या घेत आणि कडा तुटलेला असेल तेथे दोराच्या आधाराने उतरत जाण्याचा साहसी क्रीडाप्रकार. तो कॅन्यनिंग या नावानेही ओळखला जातो. गिर्यारोहणात चढणारा थकल्यास मागे फिरू शकतो. येथे मात्र आरंभच उताराने होतो आणि पहिल्या कड्यावरील दोर खाली ओढून घेतला, की परतीची वाट बहुधा बंद होते. या प्रकारातील बहुतेक नियमांचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

एद्वार आल्फ्रे मार्तेल या फ्रेंच संशोधकाने १९०५ मध्ये व्हेर्दाँ नदीच्या घळीचे समन्वेषण केले. क्रीडा म्हणून या प्रकाराची वाढ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यत्वे फ्रान्स व स्पेन या देशांत झाली. फ्रेंच पद्धतीनुसार कड्यांची अवघडता व पाण्याचा जोर यांना १ ते ७ अशा स्वतंत्र श्रेणी देतात. नवशिक्यांसाठी दोराने उतरण्याचे टप्पे सु. १० मी.हून कमी, उड्या सु. ३ मी.च्या आत व पाणी संथ असलेली घळ योग्य मानतात.

घळ निर्माण होण्यास खडकातील तडे व प्रवाहाला तीव्र उतार आवश्यक असतो. नागपूर जिल्ह्यातील सावनेरच्या परिसरात सह्याद्रीप्रमाणेच दक्खन ट्रॅपचा बेसाल्ट खडक आढळतो. परंतु तेथील कोलार नदी सपाट प्रदेशातून वाहत असल्यामुळे तिला अशी घळ कोरता आलेली नाही. याउलट सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा कोकणात एकदम उतरतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ असलेली सांधण दरी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सु. २ किमी. लांबीच्या या दरीच्या भिंती काही ठिकाणी अगदी जवळ येतात. प्रारंभी पाण्याचे डोह लागतात. त्यांच्या पुढे मोठमोठ्या धोंड्यांतून व दोराने उतरण्याच्या टप्प्यांवरून वाट कोकणाकडे जाते. अनेक जण डोह ओलांडून दोराचा पहिला टप्पा येण्यापूर्वीच परततात. नवख्यांना तेवढाच भाग पुरेसा असतो. पावसाळ्यात दरीत प्रवाह शिरत असल्याने तेव्हा ती उतरणे धोक्याचे ठरते.

उतरणाऱ्याजवळ शिरस्त्राण, कंबरपट्टा, ओल्या खडकावर न घसरणारे बूट व इंग्रजी आठ या अंकाच्या आकाराचे अवरोहक असते. दोर कमी ताणला जाणारा असतो. तो कड्यावरील आधारातून दुहेरी ओवतात व सर्व जण उतरल्यावर एक टोक ओढून काढून घेतात. कोरड्या कड्यावर दोराच्या टोकास गाठ मारणे इष्ट असते. वाहत्या डोहात मात्र ती मारीत नाहीत. गाठीमुळे उतरणारा धबधब्याखाली दोरालाच अडकून बुडू शकतो. म्हणून दोर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतच सोडतात.

सु. ५ मी. उंचीवरून उडी घेणाऱ्याचा पाण्यावर आदळतानाचा वेग ताशी सु. ३५ किमी. असतो. यास्तव पथकातील अनुभवी व्यक्ती प्रथम दोराने उतरून डोहाचा तळ तपासते. दरवर्षी पुराबरोबर धोंडे सरकत असल्याने गतवर्षीची माहिती ग्राह्य धरीत नाहीत. उडी पाय जुळवून व पायांवरच घेतात, सूर मारीत नाहीत. ज्यास उडी नको असेल, त्याच्यासाठी शक्यतो दोराचा पर्याय ठेवतात.

सर्वांत मोठा धोका अकस्मात येणाऱ्या पुराचा होय. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळील साक्सेटबाख या ओढ्याच्या घळीत, वरील भागात झालेल्या वादळी पावसाचा लोंढा येऊन २१ जण मृत्यू पावले. घळीच्या तळाशी आकाशाची केवळ एक पट्टी दिसते. त्यामुळे तेथील निरभ्र आकाशावरून पाणलोट क्षेत्रातील पावसाचा अंदाज करता येत नाही. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहत येणे व प्रवाहाचा आवाज वाढणे ही लक्षणे दिसताच उंच जागी आश्रय घ्यावा लागतो. मात्र ती दिसेपर्यंत वेळ थोडाच उरलेला असतो. म्हणून हवामान, पथकाची क्षमता व दिवसाचा उरलेला वेळ यांचा विचार करून माघार घ्यावयाची झाल्यास तो निर्णय पहिला दोर ओढण्यापूर्वीच घेणे आवश्यक ठरते.