‘टॉट वॉचर्स’ : राखणदाराची चूक आणि हास्याची रचना

विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा या दिग्दर्शकद्वयाने एमजीएम या संस्थेसाठी केलेल्या ‘टॉम अँड जेरी’ मालिकेतील ११४ लघुपटांपैकी ‘टॉट वॉचर्स’ (१९५८) हा अखेरचा होय. त्याचे कथानक अगदी साधे आहे. आई बाहेर जाताना तान्हे मूल जीनी या तरुणीच्या हवाली करते; जीनी मात्र दूरध्वनीवरील गप्पांत रंगते. बाबागाडीतून वारंवार निसटणाऱ्या मुलाला आपले भांडण बाजूला ठेवून मांजर व उंदीर परत आणतात. टॉम मूल हाती द्यायला जातो, तेव्हा जीनी त्यालाच झाडूने बडवते. पुढे मूल उंच इमारतीच्या बांधकामावर, लोखंडी तुळयांवरून रांगू लागते. जिवावर उदार होऊन त्याला सोडविणाऱ्या या दोघांना अखेर पोलीस मूल पळविणारे म्हणून पकडतो.

स्लॅपस्टिक प्रकारात मार खाणाऱ्याला इजा होत नाही, हा संकेत सर्वश्रुत आहे. येथे त्याला एक जोड आहे : मुलाच्या केसालाही धक्का लागणार नाही, अशी प्रेक्षकाची मनोमन खात्री असते. सारे आघात टॉमवर होतात, म्हणूनच तुळईवरचे मूल पाहून हसता येते.

या रचनेशी मिळतीजुळती कथा आपल्याकडे फार जुनी आहे. पंचतंत्राच्या ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रात ब्राह्मणी मुलाला पतीवर सोपवून पाण्याला जाते आणि तोही घर सोडून निघून जातो. पाळलेले मुंगूस सापाला मारून मुलाला वाचवते. परंतु त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून ब्राह्मणी त्याच्यावर घागर टाकते. निष्काळजी राखणदार, इमानी प्राणी व चुकीचा आरोप हे तिन्ही घटक दोहोंकडे समान आहेत. फरक एवढाच की, मुंगूस मरते आणि टॉम पुन्हा उठतो. (ब्राह्मणाचा दोष मात्र वाचक सहसा विसरतो!)

मूल सुरक्षित असल्याची ही खात्री पडद्याबाहेर लाभत नाही. बांधकाम मजुरांसंबंधीच्या १९९६ च्या कायद्याने, पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोलीची तरतूद केली होती. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा फड हे बांधकाम नव्हे. तेथे पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने आई-वडील दोघेही पहाटेपासून उसात असतात. कडेला झोळीतले तान्हे थोरल्या बहिणीच्या हवाली असते. हीच तेथील जीनी. मात्र तिच्या हाती दूरध्वनी नसतो, आणि हंगामभर तिची शाळा बुडते.