जीएसटी गेला, तरी विम्याचा हप्ता का वाढतो?



वारज्यातील आपल्या मंडळीत बरेच जण विचारतात, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला, मग नूतनीकरणाची रक्कम वाढून कशी येते?

विमा म्हणजे सामाईक पेटी. सगळ्यांनी थोडे टाकायचे, आजारी पडेल त्याला त्यातून द्यायचे. पेटीतून जितके जास्त जाईल तितका हप्ता वाढतो. कर हा त्यावरचा भार. समजा, मूळ हप्ता २०,००० रुपये होता, म्हणजे करासह २३,६००. मूळ हप्ताच २० टक्क्यांनी वाढला, तर कर नसूनही २४,००० भरावे लागतात. शिवाय कंपनीने स्वतःच्या खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट आता तिला मिळत नाही.

दुसरे कारण सुधारणांमध्येच आहे. २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. हे न्याय्यच आहे. पण दावे लवकर येतात, त्याचा खर्च पेटीवरच पडतो. २०२५ पासून साठीपुढील ग्राहकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवण्याआधी कंपनीला नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. रुग्णालयांच्या दरांवर मात्र या नियामकाचा अधिकार नाही. खरी गळती तिथेच आहे.

म्हणून रागाने पॉलिसी बंद करू नका. नवी घेताना प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. परवडत नसेल, तर मुदत संपण्याआधी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करा. घरात सत्तरीपुढचे कोणी असेल, तर आयुष्मान कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो, त्याला आधी भेटा.

मुळशी-वेल्ह्याच्या कातकरी वस्त्यांत खासगी विम्याचा प्रश्नच येत नाही. तिथे ही योजनाच आधार. पण शिधापत्रिका नाही, आधारवरचे नाव जुळत नाही, रुग्णालयापर्यंत गाडीभाडे नाही, अशा कारणांनी माणूस दारातच अडतो. हप्ता कोणी भरायचा, हा तिथला प्रश्न नाही. कागद कोणी करून द्यायचा आणि सोबत कोणी जायचे, हा आहे. तुमची देणगी आणि तुमचा एखादा मोकळा दिवस आम्हाला त्यासाठीच हवा आहे.